उजवी भिंत

भिंतीला हातोडीने ठोकत गेलं की ती बोलते. धडधाकट काँक्रीट टणटणीत उत्तर देतं. आतून फुटलेलं असेल तर 'बोम' असा आवाज येतो. स्वीडनमध्ये अशा पोकळ जागेचं नावच बोम आहे. आपण तिला बोंब म्हटलं तरी काही बिघडत नाही, कारण भिंत तेच करत असते. टोरुन ओस्लुंड एकतीस वर्षं या बोंबा ऐकत हिंडत होती. धरणं, धक्के, कालवे, जिथं म्हणून काँक्रीट पाण्यात उभं राहून थंडी खातं तिथं ही बाई हातोडी घेऊन हजर.

त्या गुरुवारी ती क्विस्तफोर्सच्या कालव्यावरच्या लॉकच्या तळाशी चिखलात उभी होती. एरवी तिच्या डोक्यावर पाच मीटर पाणी असतं. वरच्या तळ्यातली बोट आत शिरते, मागचं दार लागतं, पाणी उतरतं, पुढचं दार उघडतं आणि बोट खालच्या तळ्यात निघून जाते. तपासणीसाठी आता सगळं पाणी काढून टाकलं होतं. उरल्या होत्या दोन उंच भिंती, एक टेकडीच्या अंगाची, एक लॉकवाल्याच्या घराच्या अंगाची. प्रत्येकीत नऊ खण, १९१४ साली ओतलेले. मार्च अर्धा सरला होता. पारा रात्री शून्याखाली सात, दुपारी शून्यावर तीन. भेगाभेगांतून पाणी ठिबकत होतं.

"यंदा हिवाळा झालाच कुठं!" वरून एव्हर्ट ब्रूमान ओरडला. हा इथला लॉकवाला, वय शहात्तर, कठड्यावर कोपरं टेकून सकाळपासून तिचं काम बघत होता. "माझ्या लहानपणी उणे तीस असायचं, उणे तीस! आता भिंतीला आरामच आराम."

"आराम कसला डोंबलाचा? उणे तीसमध्ये एकदा गोठली की गप पडून असते बिचारी. हे रोज उठून शून्याच्या वर-खाली चाललंय ना, तेच तिला मारतं. गोठ, वितळ, गोठ, वितळ. तू करून बघ."

"मी रोज तेच करतो. सकाळी अंथरुणातून निघताना गोठतो आणि कॉफी प्यायली की वितळतो."

टोरुनला हसू आलं. मग तिने टेकडीकडच्या भिंतीच्या चौथ्या खणावर हातोडी मारली आणि हसू तिथंच थांबलं. बोम. पाचवा, बोम. सहाव्यावर मारली तर ताटाएवढा पोपडा सुटून बुटांवर पडला. त्यामागे खडी उघडी पडली होती, बोटांनी उपटून काढावी अशी. आदल्या दिवशी यंत्राने भोक पाडून या खणाचा गाभा बाहेर काढला होता. गाभा म्हणजे दंडाएवढा जाड, हातभर लांब काँक्रीटचा दांडा. तो सलग निघालाच नव्हता. चिरोट्याचे पदर सुटावेत तसे त्याचे पापुद्रे झाले होते. काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी पाणी पितं. प्यायलेलं पाणी गोठलं की फुगतं, आतून रेटा देतं. वितळलं की नव्या फटीत आणखी पाणी शिरतं आणि पुन्हा गोठतं. वर्षाला अशा पन्नास खेपा धरा.

"काय गं साबणवाली," एव्हर्टने वरून विचारलं, "काय म्हणतोय तुमचा खानदानी माल?"

हा टोमणा ती पन्नास वर्षं ऐकत आली होती. तरी दर वेळी तो बरोबर जागी लागायचा.

टोरुन त्याच गावची. तिची पणजी, हे लॉक बांधलं जात होतं तेव्हा मजुरांच्या बराकीत धोबीण होती. चाळीस मजुरांचे कपडे एकटी धुवायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला थंडीचा कडाका पडला. काँक्रीट कालवायला कोमट पाणी लागतं, नाहीतर ते जमण्याआधीच गोठतं. आणि नेमका पाणी तापवायचा हंडा तडकला. पणजीच्या धुण्याच्या बंबात गरम पाणी होतं, कपडे उकळून काढून झाल्यावरचं, साबणाचं. तिने ते बादल्या भरभरून मजुरांना दिलं. तीन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी मिक्सरच्या तोंडातून फेस बाहेर आला तेव्हा मुकादमाच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी सकाळी पणजी दोन लेकरं आणि धुण्याची फळी घेऊन रस्त्यावर होती. पुढे टेकडीकडच्या भिंतीचे मधले तीन खण भुसभुशीत होत गेले आणि गावाने कारण ठरवून टाकलं. त्या कुटुंबाचं नाव पडलं साबणवाले. क्विस्तफोर्समध्ये आजही एखादं काम फसलं, केक बसला, लग्न मोडलं तरी लोक म्हणतात, 'साबणात गेलं.'

शाळेत टोरुनच्या दप्तरात साबणाच्या वड्या निघायच्या. आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "पाणी गरम होतं, म्हणून दिलं." याच्यापुढे एक अक्षर नाही. टोरुन काँक्रीटच्याच धंद्यात का शिरली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. क्विस्तफोर्सचं काम आलं तेव्हा तिने साहेबाला आपणहून सांगितलं की इथं माझा घरचा संबंध आहे. साहेब पोट धरून हसला. शंभर वर्षांपूर्वीच्या धुण्याला कुणी हितसंबंध म्हणत नाही, म्हणाला.

भिंत दुरुस्त करायची हे कालवा मंडळाने ठरवलंच होतं. त्यांना हवा होता अहवाल, आणि त्या अहवालात एक रकाना असतो: नुकसानीचं कारण. तिथं खोटं लिहिणं टोरुनला मरेपर्यंत जमलं नसतं. खरं कारण साबण निघालं तर आपल्याच हाताने पणजीच्या कपाळावर सरकारी शिक्का मारायचा होता. त्या एका रकान्याच्या भीतीने तिची दोन रात्री झोप उडाली होती.

ती चिखल तुडवत समोरच्या भिंतीकडे गेली. घराकडची भिंतही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पाण्याच्या रेषेजवळ तीही चांगली बोटभर खरवडली होती. पण तिचे चौथा, पाचवा, सहावा हे खण बघून मात्र कुणीही थबकावं. ओतताना लावलेल्या फळ्यांच्या शिरा अजून काँक्रीटवर उमटलेल्या दिसत होत्या, एका फळीतली गाठसुद्धा. टोरुनने ठोकलं. टण. वर ठोकलं, खाली ठोकलं, पाण्याच्या रेषेवर, कोपऱ्यात, सांध्यालगत. टण, टण, टण. एकतीस वर्षांत इतक्या जुन्या भिंतीचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. तिने हातमोजा काढून नुसता तळहात त्या खणावर टेकवला.

"ते ब्रूमानचे खण!" एव्हर्टचा आवाज लगेच चढला. "माझ्या पणजोबाच्या देखरेखीतले. पाटी वाचलीस ना?"

पाटी कशी वाचणार नाही? पितळेची, कठड्यात बसवलेली. 'हे तीन खण मुकादम वालफ्रिद ब्रूमान यांच्या चोख कामाची साक्ष देतात.' गावच्या इतिहासप्रेमी मंडळींनी १९६६ साली लावली होती. उन्हाळ्यात एव्हर्ट बोटवाल्यांना ती दाखवायचा, आणि मग पलीकडच्या भिंतीकडे बोट करून साबणाची गोष्ट सांगायचा. लोकांना दुसरी गोष्ट जास्त आवडायची.

गाभ्यांच्या पेट्या एव्हर्टच्या अवजारांच्या खोलीत ठेवल्या होत्या. टोरुनने ब्रूमानच्या खणांपैकी पाचव्याचा गाभा उचलला. अखंड दांडा, कुठं चीर नाही. त्याचा एक तुकडा कापून तिने पाण्याच्या चकतीवर घासला, काचेसारखा गुळगुळीत केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि छोटा मायक्रोस्कोप डोळ्याला लावला.

मग तिने डोळा काढला, काच रुमालाने पुसली आणि पुन्हा लावला.

काँक्रीटला जाळी पडली होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, पण इडलीला पडावी तशी एकसारखी, सगळीभर. गोल गोल बारीक बुडबुडे, केसाच्या जाडीचे, एकमेकांना खेटून हजारोंनी बसलेले. खडीच्या कडेला, वाळूच्या कणांमध्ये, जिथं बघावं तिथं. ती खाली बसली. बसायला स्टूल आहे की नाही तेही तिने बघितलं नाही. सुदैवाने होतं.

हे बुडबुडे तिच्या चांगल्या ओळखीचे होते. हल्ली थंडीत उभं राहणाऱ्या प्रत्येक काँक्रीटमध्ये ते मुद्दाम घालतात. पाणी गोठून फुगायला लागलं की जवळच्या बुडबुड्यात सरकतं, तिथं त्याला ऐसपैस जागा मिळते आणि भिंतीला रेटा बसत नाही. इतकी साधी युक्ती. पण जगाला ती कळायला तेव्हा अजून वीस-पंचवीस वर्षं होती. १९१४ साली हे बुडबुडे इथं असायचं काही कारणच नव्हतं. एकशे अकरा हिवाळे, पाच हजारांहून जास्त वेळा गोठणं आणि वितळणं, आणि ही चिमुकली पोकळी सगळं पोटात घालत बसली होती, कुणाला न सांगता.

हवा काँक्रीटमध्ये आपोआप अशी टिकत नाही. तिला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. फेस करणारं काहीतरी.

"एव्हर्ट," तिने हाक मारली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "तुझ्याकडे मुकादमाची वही आहे ना अजून?"

"आहे तर! पण आधी जेव. गुरुवार आहे, रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप केलंय. वही कुठं पळून जात नाही."

सूप घट्ट होतं आणि वर मोहरीची चटणी होती. एव्हर्टने कपाटातून मेणकापडात गुंडाळलेली वही आणली आणि पॅनकेकच्या ताटलीशेजारी ठेवली. कुठलं पान, हे त्याला शोधावंही लागलं नाही. वही तिथंच आपोआप उघडली.

"घे. वाच. मनाला लावून मात्र घेऊ नकोस."

टोरुनने लहानपणी हे पान शाळेच्या प्रदर्शनात काचेमागून पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच ते तिच्या हातात आलं. मुकादमाचं अक्षर कुदळीने खणल्यासारखं होतं.

'४ नोव्हेंबर. उजवी भिंत, खण ४, ५, ६. तीन दिवस पाण्यात साबण गेला. धोबिणीला काढलं. तोडून पुन्हा ओतायला वेळ नाही. हे खण दहा वर्षं टिकायचे नाहीत.'

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचं बोट 'उजवी' या शब्दावर थांबलं आणि तिथून हललंच नाही.

"एव्हर्ट, उन्हाळ्यात बोटवाल्यांना तू ओरडतोस, दोर उजव्या भिंतीला बांधा म्हणून. ती कुठली?"

"घराकडची. दुसरी कुठली?"

"बोट खालून वर येत असेल तर?"

"तरी घराकडचीच!" एव्हर्ट चिडला. "एकतीस वर्षं कालव्यांवर फिरतेस आणि हे मला विचारतेस? पाणी वाहतं तिकडे तोंड करायचं. उजव्या हाताला येते ती उजवी. बोट येवो नाहीतर जावो, कालव्यावर उजवी बदलत नाही. आजोबांनी मला चालता यायला लागल्याबरोबर हे शिकवलं."

"आजोबांना कुणी शिकवलं?"

"त्यांना कुणी म्हणजे? त्यांच्या बापानं. वालफ्रिदनं."

पॅनकेकचा तुकडा टोचलेला काटा त्याच्या तोंडाशी पोचला होता. तो हवेतच राहिला. खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ वितळून टपटप गळत होतं. एव्हर्टने काटा हळूच ताटलीत ठेवला, उठला आणि कोट न घालताच बाहेर गेला.

ती त्याच्या मागे गेली. तो वरच्या दारावरच्या अरुंद फळीवर उभा होता, खालच्या तळ्याकडे तोंड करून, वाहत्या पाण्याच्या दिशेने. त्याने उजवा हात लांब केला. हात सरळ पितळेच्या पाटीकडे गेला.

"गाव खाली आहे," टोरुन म्हणाली. "गावातले लोक चर्चच्या रस्त्यानं चढून येतात, त्यांचं तोंड वर असतं. त्यांच्या उजव्या हाताला टेकडीची भिंत येते. वहीतलं 'उजवी' ऐकलं, आणि टेकडीचे मधले तीन खण फुटलेले दिसले. मग कोण कशाला विचारतंय?"

"गावाचं सोड." एव्हर्टचा आवाज बसला होता. "गावाला कालव्यातलं काय कळतं? मी साठ वर्षं इथं उभा राहून उजवी-डावी ओरडतोय. मला कळायला नको होतं?"

हे टोरुनला स्वतःला तरी कुठं कळलं होतं? तीही पोरपणी गावाकडूनच चढून यायची.

"मग टेकडीची भिंत का फुटली?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"टेकडीचं पाणी मागून येतं. ते जायला ठेवलेल्या मोऱ्या गाळानं बुजल्यात. ती भिंत दोन्हीकडून पाणी पिते आणि गोठते. पाण्यानंच मारलं तिला. साबणाचा थेंबसुद्धा नाही तिच्यात, मी बघितलंय."

"आणि या तीन खणांत?"

"ये, दाखवते."

तिने त्याला खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोप त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याला आधी काही दिसेना. आपल्याच पापण्या दिसतात, म्हणाला. मग त्याने डोळा काचेला आणखी घट्ट टेकवला.

"हे सगळं हवेचं?"

"हवेचं."

"वालफ्रिदनं लिहिलं, दहा वर्षं टिकायचे नाहीत."

"त्याची चूक नाही. साबणाचं पाणी काँक्रीटला वाईट, हे तेव्हा कुणीही सांगितलं असतं. मी असते तर मीही तिला काढलं असतं." हे बोलणं टोरुनला सोपं नव्हतं. पण ते खरं होतं, म्हणून ती बोलली. "साबण पाइनच्या तेलाचा असणार, इथं घरोघरी तोच करायचे. त्यानं फेस धरला. गरम पाण्यानं काँक्रीट वेळेत जमलं. फेस आत अडकला, तो आजपर्यंत."

"आणि नवे खण ओतशील त्यात तू काय घालणार?"

"साबण."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसणं थांबलं.

"खरंच सांगते. पाइनच्या राळेचाच. आता कारखान्यातून पिंपात भरून येतो, नाव भारदस्त असतं, एवढंच."

एव्हर्टने गाभ्याचा तो तुकडा खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून तो त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला. शेवटी तुकड्याकडेच बघत त्याने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुझ्या पणजीचं. वहीत नुसतं धोबीण लिहिलंय. आमच्या घरात साबणवाली म्हणायचे. मी साठ वर्षं तिची गोष्ट सांगतोय, टोरुन, आणि मला तिचं नाव माहीत नाही."

"अल्फिल्ड," ती म्हणाली. "अल्फिल्ड यून्सदोत्तर."

"अल्फिल्ड यून्सदोत्तर," त्याने हळूच म्हणून बघितलं. मग खिसे चाचपून पेन्सिल काढली आणि पेटीच्या फळीवर, जिथं 'ब्रूमान, खण ५' असं खडूने लिहिलं होतं, तिथं 'ब्रूमान' बाहीने पुसून तिचं नाव लिहिलं. अक्षर थेट मुकादमासारखं होतं. लिहून झाल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधायला तो अवजारांच्या फळीकडे वळला. पाटीचे स्क्रू गंजलेत, म्हणाला, तेल घालावं लागेल.

टोरुनने अहवालाचा तक्ता पुढे ओढला. नुकसानीचं कारण: टेकडीचं पाणी, बुजलेल्या मोऱ्या. पुढचा रकाना होता, मिश्रणात हवा धरणारं द्रव्य. १९४० च्या आधीच्या प्रत्येक भिंतीपुढे तिने तिथं 'नाही' लिहिलं होतं, शेकडो वेळा, विचार न करता. आजही हाताने सवयीने 'नाही' लिहून टाकलं. तिने ते नीट खोडलं, वर 'होय, साबण' लिहिलं आणि देणारीचं नाव पूर्ण लिहिलं.

शेऱ्याच्या जागी थोडी जागा होती. तिथं तिने लिहिलं: पाणी गरम होतं, म्हणून दिलं.